मंगळवारचं सांगायचं राहिलं

मिलिंद, तुझा फ्लेक्स लागला आहे. काळाचौकीत विहाराच्या गल्लीच्या तोंडाशी, दोन बांबूंवर. तुझा पासपोर्ट फोटो ताणून मोठा केलाय, त्यामुळे तू थकबाकी मागायला आल्यासारखा दिसतोस. खाली लिहिलंय ‘थोर अर्थतज्ज्ञ’. त्याखाली अकरा शोकाकुल. दोघांनी गॉगल घातलाय. शोकात उन्हाचा त्रास जास्त होत असावा. या अकरातले तिघे आपल्या टेबलावर येऊन गेलेत. कोण ते सांगत नाही. टेबलावरचं टेबलावरच ठेवायचं, हे तूच शिकवलंस.

पुण्यानुमोदनाच्या सभेला सात वक्ते होते. सहाव्याने तुला ‘कर्जमुक्तीचे महामेरू’ म्हटलं तेव्हा सुनंदावहिनींनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या अवस्थेतही त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मलाही बोलायला लावलं. मी दोन मिनिटं बोललो. सगळं खरं बोललो, आणि जे बोलायला हवं होतं तेवढं सोडून बोललो. म्हणून हे लिहितोय.

बँकेत तू वसुलीत, मी कर्जमंजुरीत. एकच मजला, मध्ये पाण्याचा कूलर. ‘तू हार घालून पाठवतोस,’ तू म्हणायचास, ‘आणि मी जाऊन हार परत मागतो.’ मी गिरगावातला. आजोबांच्या नावावर एके काळी अर्धी गल्ली होती आणि ती त्यांनी चैनीत नाही, सभ्यपणात घालवली, एवढं एकदा तुला सांगितलं आणि कायमचा ‘जमीनदार’ होऊन बसलो. आमची जमीन म्हणजे गॅलरीतल्या तीन कुंड्या, हे तुला चांगलं माहीत होतं. त्यातल्या एकीतली तुळस तुझ्याकडूनच आली होती.

निवृत्त झाल्यावर तू विहाराच्या तळमजल्यावरच्या खोलीत टेबल टाकलंस. दर रविवारी, दहा ते एक. ज्यांचे हप्ते थकलेत, क्रेडिट स्कोअर पडलाय, ज्यांना कुठलीही बँक दारात उभं करत नाही, त्यांनी यावं. फी नाही. मला म्हणालास, ‘ये, इंग्रजी पत्रं लिहायला माणूस पाहिजे.’

‘हे काय, पापक्षालन?’ मी विचारलं.

‘छे रे. ओव्हरटाइम.’

तुझी पद्धत मला आधी दिखाऊ वाटली होती. माणूस आपला क्रेडिट रिपोर्ट घेऊन आला की तू तो त्याच्या हातून घ्यायचास आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायचास. एकेक कार्ड, एकेक कर्ज, एकेक चुकलेला हप्ता. तुझं म्हणणं, मनात वाचलं की माणूस सोयीचं तेवढंच वाचतो. एक बाई म्हणाल्या होत्या, ‘काका, हळू वाचा ना, मागे माझी शेजारीण बसलीय.’ तू मान वरही न करता म्हणालास, ‘तीही त्यासाठीच आलीय.’ दोघी इतक्या हसल्या की पुढच्या वेळी एकत्रच आल्या.

वाचून झालं की कोरा कागद. आधी कोणाचं फेडायचं, नंतर कोणाचं, बँकेला काय लिहायचं. वसुलीवाला ‘निम्मे द्या, विषय संपवू’ म्हणाला की लोक हुरळून जायचे. तू सांगायचास, विषय संपत नाही, रिपोर्टवर तडजोडीचा शेरा बसतो आणि पुढची बँक सगळ्यात आधी तोच वाचते. ‘सावकाश दे, पण पुरतं दे.’

या सगळ्याच्या आधी तुझा एक प्रश्न असायचा. ‘घरात कोणाला माहीत आहे?’ बायको, आई, भाऊ, कोणीही एक चालेल. कोणालाच माहीत नसेल तर रिपोर्ट उघडायचा नाही. सांगून ये, मग बसू.

यामागचं कारण तू मला एकदाच सांगितलंस. नोकरीत असताना शीवच्या एका इमारतीत वसुलीला गेला होतास. दार बायकोने उघडलं. नवऱ्याच्या कर्जाचं तिला तुझ्या तोंडून पहिल्यांदा कळलं. तिने तुला बसायला सांगितलं, पाणी दिलं. नवरा त्या संध्याकाळी घरी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढचं तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. ‘पाणी दिलं रे तिने मला,’ एवढंच तू दोनदा म्हणालास.

हे मला माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलं, म्हणून आधी हे लिहून ठेवतोय.

तीन वर्षांपूर्वी संदेश पालव आला. पस्तिशीचा, परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. दुसऱ्यांचं रक्त तपासणारा माणूस स्वतः पांढराफटक पडला होता. शेअर बाजारातल्या ऑप्शन नावाच्या प्रकारात त्याने मोबाइलवरून पैसे घालवले होते. ते भरून काढायला कार्डं, आणि कार्डं भरायला मोबाइलवरची झटपट कर्जं.

‘घरात कोणाला माहीत आहे?’

‘नाही काका.’

‘लग्न झालंय?’

‘झालंय. मनाली. काका, तिला कळलं तर ती जाईल घर सोडून.’

‘गेली तर मी येतो तुझ्याबरोबर आणायला. आधी सांगून ये.’

‘एकदा बघा तरी, प्लीज.’

‘बघणार ना. पुढच्या रविवारी. दोघं या.’

त्याने कागद गोळा केले. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

‘हाकललंस तू त्याला,’ मी म्हणालो.

‘घरी पाठवला.’

‘घरी सांगण्यासारखं असतं तर आपल्याकडे कशाला आला असता?’

‘जमीनदार, तू कधी कोणाच्या दारात जाऊन उभा राहिला नाहीस.’

‘म्हणजे मला अक्कल नाही?’

‘म्हणजे तुला दार माहीत नाही.’

दोन रविवार आपण चहा वेगवेगळा मागवला. चहावाल्याला वाटलं भागीदारी फुटली.

आता तुला न सांगितलेलं. तो पहिल्या रविवारी बाहेर पडला तेव्हा मी म्हणालो होतो, जरा पाय मोकळे करून येतो. पाय मोकळे करत मी त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं आणि माझा नंबर दिला. त्या मंगळवारीच त्याचा फोन आला. म्हणजे मी तुझ्याशी भांडत होतो तेव्हा माझं काम झालेलं होतं. तो पुढच्या रविवारी का आला नाही, हे तुला माहीत नव्हतं. मला होतं. त्याला दुसरं दार मीच उघडून दिलं होतं. नसतं दिलं तर तो बायकोला घेऊन तुझ्याकडे आला असता का? तुझ्या नियमाला मी सात दिवसही दिले नाहीत.

त्यानंतर तीन वर्षं, बहुतेक मंगळवारी, आम्ही दादरला एका उडप्याकडे भेटायचो. मंगळवार त्याने निवडला. घरी सांगायला बरं, प्रभादेवीला देवळात जातो. कोपऱ्यातल्या टेबलावर तो सादा डोसा खायचा आणि मी त्याचे कागद बघायचो. पद्धत तुझीच वापरली. लहान कर्जं आधी, तडजोड नाही, सावकाश पण पुरतं. मोठ्याने वाचणं तेवढं सोडलं. हॉटेलात कसं वाचणार? निघताना कोपऱ्यावरच्या दुकानातून तो पाव किलो पेढे घ्यायचा. प्रसाद म्हणून. विसरला तर मीच म्हणायचो, ‘पेढे राहिले रे.’

आणि एक असं करून बसलो की नोकरीत असताना एखाद्या कारकुनाने केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता. बँकेच्या नोटिसा घरी येतील, मनालीच्या हाती पडतील, या धास्तीने त्याला झोप लागेना. मी म्हणालो, पत्रव्यवहारासाठी माझा पत्ता दे. मग त्याच्या नोटिसा गिरगावात माझ्याकडे येऊ लागल्या. एका दुपारी वसुलीची दोन माणसंही आली. दार नलिनीने उघडलं.

‘संदेश पालव इथेच राहतात ना?’

‘चाळीस वर्षं इथे पुरुष म्हणून हे एकच राहतात,’ नलिनी म्हणाली. ‘दुसरा कोणी असता तर पंखे पुसायला तरी झाला असता.’

माणसं गेल्यावर तिने मला विचारलं, कोण हा संदेश? मी म्हणालो, बँकेचं काहीतरी जुनं आहे. ती ‘बरं’ म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात त्या ‘बरं’चा अर्थ मला कळतो. तरी मी वर्तमानपत्र उघडलं.

त्याचं सगळं फिटलं, मिलिंद. शेवटचा हप्ता गेला त्या मंगळवारी त्याने मला मसाला डोसा खायला घातला. पुढच्या रविवारी टेबलावर तुझ्या शेजारी बसून मी मनातल्या मनात म्हणालो, बघ, झालं की नाही? फार बरं वाटलं. ज्याच्याशी पैज मारली त्याला पत्ताच नाही अशी पैज जिंकण्याचं सुख होतं ते.

मग तो रविवार. मनाली पुढे, हातात प्लास्टिकची फाइल, आणि मागे संदेश. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. साड्यांच्या दुकानात उभं राहून काम करणारी, बोलायला चटपटीत. संदेशने माझ्याकडे पाहिलं आणि नजर जमिनीत घातली. मी अनोळखी झालो.

‘काका, आम्ही घरासाठी लोन टाकलंय, दोघांच्या नावावर,’ ती तुला म्हणाली. ‘स्कोअर ठीक आहे म्हणतात, पण ह्याचा पत्ता जुळत नाही म्हणून अडवलंय. बँकेतली मॅडम म्हणाली, रिपोर्ट कोणाकडून तरी नीट वाचून घ्या. हा म्हणत होता नको, होईल आपोआप. मीच ओढून आणलं.’

तू तुझा प्रश्न विचारला नाहीस. कशाला विचारशील? नवरा-बायको शेजारी शेजारी बसली होती. तीन वर्षांपूर्वी पाच मिनिटं पाहिलेला चेहराही तुला आठवला नाही. फाइल टेबलावरून तुझ्याकडे सरकत होती तेव्हा मी हात पुढे करून म्हणू शकलो असतो, दे, हे मी बघतो. मी कोरे कागद सरळ करत बसलो.

तू वाचायला लागलास. ‘क्रेडिट कार्ड. थकलं होतं, पुरतं फेडलं, बंद. दुसरं कार्ड. पुरतं फेडलं, बंद. वैयक्तिक कर्ज, फेडलं, बंद.’ तुझा आवाज खुलत गेला. ‘शाबास रे! एकही तडजोड नाही. असा रिपोर्ट मी कित्येक दिवसांत पाहिला नाही.’

‘हे कोणाचंय?’ मनालीने विचारलं.

तुझं बोट थांबलं.

‘हे दुसऱ्या कोणाचं तरी आलंय काका. आमचं कुठलंच कर्ज नव्हतं.’ मग ती संदेशकडे वळली आणि घरच्या मालवणीत, अगदी हळू म्हणाली, ‘काय रे ह्यां?’

त्याने पाच-सहा वाक्यांत सांगितलं. टेबलाकडे बघत. बाजार, कार्डं, मंगळवार.

‘देवळात नव्हतास जात?’

‘नाही.’

‘मी तीन वर्षं उपास धरला तुझ्यासोबत. सकाळपासून फळांवर. आणि तू डोसा खायचास?’

दुसरीकडे कुठे ऐकलं असतं तर मी हसलो असतो. ती रडली नाही. तिने विचारलं, ‘ते पेढे कुठचे होते?’ दुकानाचं नाव मला माहीत होतं.

तू शेवटचं पान उलटलंस. तिथे पत्ते असतात. त्या दुसऱ्या पत्त्यावर तू चाळीस वर्षं जेवायला आला आहेस. तेवढी एक ओळ तू मोठ्याने वाचली नाहीस. कागद नीट लावलेस, फाइल तिच्यासमोर ठेवलीस आणि म्हणालास, ‘ताई, पत्त्याची चूक आमची आहे. आम्ही दुरुस्त करून देऊ.’

आमची, म्हणालास.

ती उठली तेव्हा तू तिच्यापुढे पाण्याचा ग्लास केलास. तिने घेतला नाही. ती पुढे आणि तो मागे, अशी दोघं गेली. तू बराच वेळ तो ग्लास हातात धरून होतास, आणि तेव्हा मला उशिरा का होईना कळलं की मी तुला शीवच्या त्या दारात पुन्हा नेऊन उभं केलंय. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

‘पुढचं कोण आहे बघ, जमीनदार,’ तू म्हणालास.

त्यानंतर आपल्याला सहा रविवार मिळाले. सहाही रविवारी मी वाट पाहिली की आता तू मला शिव्या घालशील. गिरगावातून निघताना मी उत्तरं जुळवायचो. त्याचं सगळं कर्ज फिटलं, हे माझं मुख्य उत्तर. तू काही विचारलं नाहीस. लोकांचे रिपोर्ट वाचलेस, मला पत्रांचा मजकूर सांगितलास, एकदा माझ्या इंग्रजीला ‘हे पत्र आहे की लग्नपत्रिका?’ म्हणालास. चहा एकत्रच मागवलास. मला वाटलं, तू मला मनातून काढून टाकलंयस आणि वागणं तेवढं सभ्यपणे चालू ठेवलंयस. सभ्यपणात माणसं काय काय घालवतात ते आमच्या घराला माहीत आहे.

सातव्या रविवारच्या आधी, गुरुवारी सकाळी, वहिनींचा फोन आला.

आपलं भांडण मी अजून भांडतो. अजूनही मला वाटतं, त्या दिवशी तू त्याला रिकाम्या हाताने पाठवायला नको होतंस. घरी जाऊन सांगायचं बळ सगळ्यांच्या पायात नसतं. आणि हे वाटतं तेवढ्यात त्या बाईचे तीन वर्षांचे उपास आठवतात. तू असतास तर मला एका वाक्यात गप्प केलं असतंस. एकट्याने भांडलं की दर वेळी बरोबरीत सुटतं, आणि त्याचा मला उबग आलाय.

पुण्यानुमोदनानंतरच्या रविवारी मी टेबल लावलं. एकट्याने. पहिली आली ती मनाली.

‘काका गेले ते मला फ्लेक्सवरून कळलं,’ ती म्हणाली. ‘मी बुधवारी चहा टाकून बसले होते.’

‘का?’

‘दर बुधवारी यायचे ना आमच्याकडे. तुम्हाला माहीत नाही?’

मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं. तू जायचास, संदेशला चहा करायला स्वयंपाकघरात धाडायचास आणि तिच्यासमोर रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचायचास. कुठलं कर्ज कधी काढलं, कशासाठी, किती महिन्यांत फेडलं. ती म्हणेल तिथे थांबायचास. सगळं वाचून झाल्यावर म्हणालास, ‘आता तुमचं तुम्ही ठरवा.’

‘मी अजून ठरवतेय,’ मनाली म्हणाली. मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘त्यांना मी विचारलं होतं, तुमच्या मित्राने असं का केलं? तर म्हणाले, ते त्यालाच विचारा. तो सांगेल. वेळ लागतो त्याला.’

मिलिंद, त्या सहा रविवारांना मी राग समजत होतो.

‘मग?’ ती म्हणाली. ‘का केलंत?’

‘मला वाटलं, मला जास्त कळतं.’

‘संदेशपेक्षा?’

‘मिलिंदपेक्षा.’

पर्समधून तिने एक कागद काढला. बँकेला त्या पत्त्यावर राहणाऱ्या माणसाकडून लेखी हवं होतं की संदेश पालव तिथे राहत नाहीत. ‘घर घ्यायचं की नाही ते नंतर बघेन,’ ती म्हणाली. ‘पण माझ्या नवऱ्याच्या रिपोर्टवर तुमचं घर नको मला.’

मी इंग्रजीत सुरुवात केली. ती म्हणाली, ‘मराठीत लिहा. मला वाचायचंय.’

मी लिहिलं: श्री. संदेश पालव या पत्त्यावर कधीही राहत नव्हते. हा पत्ता मी त्यांना वापरायला दिला. त्यांच्या पत्नीला कळू नये म्हणून दिला. माझ्या मित्राला न विचारता दिला, आणि तो हयात असताना ते त्याच्यापाशी कबूल केलं नाही.

तिने दोनदा वाचलं.

‘बँकेला एवढं नको असतं, काका.’

‘माहीत आहे.’

‘मग राहू दे,’ ती म्हणाली.

सोमवारी मी स्वतः ते पत्र घेऊन दादरच्या शाखेत गेलो. काउंटरवर चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी होती. तिने ओळखपत्राची झेरॉक्स मागितली, सही जुळवून पाहिली, मूळ प्रत ट्रेमध्ये टाकली आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. मजकूर तिने वाचला नाही. मी तिथेच उभा राहिलो. मागच्या माणसाने घसा खाकरला.

‘अजून काही आहे का, अंकल?’ तिने विचारलं.

मी म्हणालो, नाही. एवढंच सांगायचं होतं.